पिकलं पान आणि रथाचा आस

गावच्या पारावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात लसीचा विषय निघाला की सत्तरीपुढची माणसं जवळजवळ ठरलेली वाक्यं बोलतात. "पिकलं पान, कधी तरी गळायचंच." "वरून बोलावणं आलं तर सुई अडवणार आहे का?" आणि सगळ्यांत निरुत्तर करणारं, "माझं सगळं बघून झालं. ती लस पोरांना द्या." आशाताईच्या वहीत या सगळ्यांची नोंद एकाच शब्दात होते: नकार. शब्द चुकीचा नाही, पण तोकडा आहे. लसीबद्दल विचारलं की उत्तर मरणाबद्दल येतं, आणि मरणाबद्दल कसं बोलावं हे तिला प्रशिक्षणात बहुधा कुणी शिकवलेलं नसतं.

गंमत अशी, की नाही म्हणणाऱ्या याच पिढीच्या दंडावर लसीचा वण असतो. "मला देवी काढल्यात" असं आजी सहज सांगते. रोगाचं नाव देवी, लसीचंही देवी. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली. पुढे 1980मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात देवीचा कोप की सरकारी टोचणी, यावर भांडणं पुष्कळ झाली. मराठी भाषेने मात्र तो वाद आपल्यापुरता मिटवला. कोपणारीही देवी आणि दंडावर बसून राखणारीही देवीच.

मग तीच गोष्ट म्हातारपणी परकी का वाटते? लहानपणी आईबापांनी हात धरून ठेवला होता. आता विचारायचं ते प्रारब्धाला. आयुष्याची दोरी जेवढी, तेवढीच असं धरलं तर लस फुकट, औषध फुकट, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणंही फुकट.

हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो विचारला गेला तोही साथीच्याच संदर्भात. चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे, म्हणजे गावंच्या गावं उजाड करणाऱ्या रोगराईचा. पांचाल देशातल्या काम्पिल्य नगरीत, गंगेच्या काठी, आत्रेय मुनी शिष्यांशी बोलत आहेत. अग्निवेश विचारतो, माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय दैव नाकारत नाहीत. पूर्वकर्म आणि या जन्मीचा प्रयत्न या दोन्हींवर आयुष्य तोललेलं असतं, असं ते म्हणतात. पुढे ते जवळपास थट्टेच्या सुरात विचारतात, की सगळंच ठरलेलं असेल तर लोक औषधं आणि मंत्र कशाला शोधतात, पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला का होतात?

मग येतो रथाच्या आसाचा दृष्टान्त. चांगल्या लाकडाचा आस नीट वापरला तर झिजत झिजत आपल्या वेळेला संपतो. तोच आस ओझं जास्त झालं, रस्ता खाचखळग्यांचा निघाला, चाकाची खीळ निसटली किंवा वंगण मिळालं नाही, तर मधेच मोडतो. पहिला काळमृत्यू, दुसरा अकाळमृत्यू. आयुर्वेदाचा हवाला देऊन लस टाळणाऱ्यांनी हा अध्याय वाचलेला दिसत नाही. पिकलं पान गळतं हे आत्रेयांनाही मान्यच असतं; वाऱ्याने हिरवं पान तुटलं तर त्यालाही पिकलं म्हणू नका, इतकंच ते बजावतात.

आणि खाचखळगे खरे असतात. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला एक अभ्यास 2018मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट वाढलेला त्यात आढळला. घरचे म्हणतात, "साधा ताप आला आणि हार्टनं गेले." तो ताप साधा नसतो. अर्थात लसही अमृत नव्हे. वयाबरोबर प्रतिकारशक्ती थकते, त्यामुळे म्हाताऱ्या शरीरात फ्लूची लस तरुणांइतक्या जोमाने काम करत नाही. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. लस घेतली की फ्लू होणारच नाही, असं सांगून पटवणारा डॉक्टर पुढच्या वर्षीचा विश्वास आजच खर्च करून बसतो.

शिवाय मरणाची तयारी असणारा माणूस अंथरुणाला खिळायला तयार असतोच असं नाही. महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या माणसांचं मागणं विचारून बघावं. "चालता-बोलता जावं, कुणाचे हातपाय धरायला लागू नयेत." यात वर्षांची मागणी कुठेच नाही. आता नागिणीचं उदाहरण घ्या. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये दडून राहतो आणि उतारवयात पट्ट्यासारखे फोड घेऊन उठतो. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, ही समजूत खोटी. पण फोड सुकल्यानंतरही महिनोन् महिने अंगावर सदरा सहन होऊ नये अशी आग राहू शकते, हे खरं. नागिणीची लस या वेदनेपासूनही वाचवते. वैराग्याशी तिचं भांडण नाही. नामस्मरणाला बसायचं असेल तरी पाठ शांत लागते.

लसीत काय मिसळलंय, हा धर्माचा दुसरा प्रश्न. त्याचा निकाल धर्मपीठांनी तुलनेने चटकन लावला. व्हॅटिकनने डिसेंबर 2020मध्ये कोविड लशी नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह ठरवल्या. इंडोनेशियातल्या उलेमा परिषदेने मार्च 2021मध्ये एका लशीला आधी निषिद्ध म्हटलं, आणि त्याच दमात निकड म्हणून परवानगीही दिली.

"पोरांना द्या" हे उत्तर मात्र खरंच अडवतं, कारण त्यात मोठेपणा आहे. भारताने 1 मार्च 2021 रोजी सामान्य नागरिकांसाठी लसीकरण खुलं केलं तेव्हा साठीपुढच्यांना आधी बोलावलं आणि तरुणांना 1 मेपासून. धोका ज्याला जास्त, त्याचा नंबर आधी, हा त्यामागचा हिशेब. जन्मभर शेवटी जेवलेल्या बाईला पहिल्या पंगतीला बसा म्हटलं की ती अवघडणारच. तिला "नातवासाठी तरी घ्या" असं सांगणं सोपं असतं आणि ते लागूही पडतं. पण त्यात थोडी लबाडी आहे. पुन्हा एकदा तिला दुसऱ्यासाठीच काही करायला लावलं जातं, आणि "तुमच्यासाठी घ्या" हे वाक्य तिला कुणी ऐकवतच नाही.

सक्तीची वाट तर बंदच आहे. जेकब पुलियल खटल्यात 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. उरतं ते पटवणं. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. आजही आरोग्य केंद्रात सिस्टरला पहिला प्रश्न येतो, "तुम्ही घेतली का?" ओळखीच्या डॉक्टरने स्पष्ट सुचवलं की प्रौढ माणसं लस घेण्याची शक्यता वाढते, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अट एकच, डॉक्टरला रक्तदाब मोजून झाल्यावर दोन मिनिटं बसता आलं पाहिजे. मैदानी भागात 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आपला निकष. ही दोन मिनिटं आणायची कुठून?

समजा, आजी पटली. दंड उघडून बसली. केंद्रातल्या लसींच्या फ्रिजमध्ये 1985पासून चालत आलेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाच्या लशी असतात, बाळांच्या आणि गरोदर बायांच्या. न्युमोनियाला कारण होणाऱ्या न्यूमोकॉकसविरुद्धची लस बाळांसाठी 2021मध्ये देशभर पोचली; तिचं उत्पादन पुण्यातही होतं. नातवाला ती टोचल्यामुळे घरात जंतू कमी फिरतो आणि आजीलाही आडून थोडं संरक्षण मिळतं. तिच्या स्वतःसाठी मात्र त्या फ्रिजमध्ये ना न्यूमोकॉकसची, ना नागिणीची लस. सिस्टर एका चिठ्ठीवर नाव लिहून देते आणि तालुक्याच्या खाजगी दवाखान्याचा रस्ता सांगते. आजी बाही खाली ओढते आणि विचारते, "केवढ्याला पडंल?"