परवाना आणि वर्गणी

आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत घराचा उतारा, विम्याच्या पावत्या आणि जुनी रेशनकार्डे यांच्याखाली एक लहानसे पुस्तक सापडले. तो आमच्या रेडिओचा परवाना होता. पहिल्या पानावर आप्पांचे नाव, खानदेशातल्या दोंडाईच्याचा पत्ता, रेडिओ कोणत्या कंपनीचा आणि त्याचा क्रमांक काय याची नोंद. पुढच्या पानांवर दरवर्षी चिकटवलेली शुल्काची तिकिटे, आणि प्रत्येक तिकिटावर पोस्टाचा शिक्का. आज तीस-पस्तीस वर्षांच्या माणसाला हे पुस्तक दाखवले तर घरात रेडिओ ठेवण्यासाठी सरकारची अनुमती लागत असे, यावर त्याचा सहज विश्वास बसत नाही. मला मात्र ते पुस्तक हाती येताच पोस्टाच्या खिडकीपुढची रांग आठवली, आणि तिच्या मागोमाग आत्याची धान्याची कोठी.

आप्पा मिरचीच्या आडतीवर दिवाणजी होते. हंगामात सगळे दोंडाईचे खोकत असे. त्यांच्या सदऱ्याचा तिखट दर्प घरात शिरला की आम्हां मुलांना ठसका लागे. पैशाच्या बाबतीत ते काटेकोर होते. रेडिओच्या परवान्याचे १५ रुपये ते मुदतीच्या आत भरत आणि पुस्तक पेटीत ठेवून देत. त्या भरण्यात त्यांना कधी समाधान दिसले नाही, तक्रारही दिसली नाही. घरपट्टी भरावी तसे ते १५ रुपये भरले जात.

आत्याचे तसे नव्हते. ती तापीकाठच्या एका गावी एकटी राहत असे आणि हंगामात दोंडाईच्याला मिरचीचे देठ खुडायला येई. दिवसभर देठ खुडून बोटांची आग होई. रात्री ती हात ताकात बुडवून बसे. त्या मजुरीतून दोन वर्षे पैसे साठवून तिने एक जुना ट्रान्झिस्टर घेतला. परवान्याची गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘‘रेडू मना शे, मंग सरकारले पैसा काबर देवाना?’’ या प्रश्नाचे उत्तर आप्पांनी दिले नाही. देता आले असते असेही मला आज वाटत नाही. पंधरा रुपये म्हणजे तिची चार-पाच दिवसांची मजुरी होती.

एकदा गावात परवाने तपासणारा अधिकारी आल्याची वर्दी पसरली. आत्याने ट्रान्झिस्टर फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत पुरला. अधिकारी खरोखर आला होता की नाही, हे अखेरपर्यंत कळले नाही. परंतु पुढचे कित्येक दिवस तो ट्रान्झिस्टर ज्वारीतच राहिला, आणि बाहेर काढल्यानंतरही ती तो कानाशी धरून, आवाज अगदी बारीक करून ऐकत असे. शेवटी आप्पांनी दंडासह रक्कम भरून दुसरे पुस्तक काढले, तेही स्वतःच्याच नावावर. स्वतःच्या कष्टाची वस्तू स्वतःच्याच घरात लपवावी लागल्याचा जो संकोच मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला, तो प्रसारणाच्या शुल्काचा विचार करताना मला बाजूला ठेवता येत नाही.

दूरदर्शन पाहण्यासाठी घराघरांतून शुल्क घ्यावे काय, हा प्रश्न आपल्याकडे आता परदेशी वाटतो. प्रत्यक्षात तो आपलाही होता. मुंबईत १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी संस्थेचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा तिचा मुख्य आधार परवानाशुल्काचाच होता. वर्षाला १० रुपये, आणि त्यातला मोठा वाटा कंपनीला. परवाने पुरेसे निघाले नाहीत आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. प्रक्षेपण सरकारने हाती घेतले. पुढे १९३३ च्या बिनतारी संदेश कायद्याने परवान्यावाचून रेडिओ नुसता बाळगणे हाही अपराध ठरवला. हा कायदा परकीय सत्तेने केलेला होता, आणि ध्वनिलहरींविषयी तिला वाटणारी भीती अकारण नव्हती: १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवला आणि पोलिसांनी नोव्हेंबरात तो पकडला. स्वातंत्र्य आले, कायदा राहिला, शब्दही राहिला. आप्पांच्या पुस्तकावर ‘परवाना’ असेच होते.

आता या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी निघे. तिचा हिशेब आप्पांकडे असे. विसर्जनानंतर तीन-चार दिवसांत ते जमा-खर्चाचा कागद स्वच्छ अक्षरांत लिहून ओट्याच्या भिंतीवर लावत. मंडप किती, दिवाबत्ती किती, प्रसाद किती, शिल्लक किती. दोन रुपये देणारा हमालही त्यापुढे उभा राहून विचारू शके, की वाजंत्रीवर एवढे कसे गेले? आणि आप्पांना उत्तर द्यावे लागे. वर्गणी देणारा मालकांपैकी एक असतो. परवाना घेणारा मात्र अर्जदार असतो. त्याने काय विचारायचे ते ठरलेले असते, आणि ते म्हणजे ‘मला अनुमती आहे काय?’ एकाच माणसाच्या हातून दोन्ही रकमा जात होत्या. गणपतीच्या दोन रुपयांचा हिशेब भिंतीवर लागत होता. रेडिओच्या पंधरा रुपयांचा हिशेब मागता येतो, ही कल्पनाही आमच्या घरात कोणाला शिवली नव्हती.

या फरकाची सर्वांत कठीण परीक्षा आणीबाणीत झाली. १९७५ ते १९७७ या काळात आकाशवाणीवरून शासनाला हवे तेच ऐकू येत होते. खरी बातमी हवी असणारे रात्री बीबीसी लावत. पुस्तकात १९७५ चे तिकीट आहे, १९७६ चेही आहे. ज्या आवाजावर विश्वास उरला नव्हता त्याच आवाजासाठी आप्पांनी, त्यांच्यासारख्या असंख्य कुटुंबप्रमुखांनी, मुदतीच्या आत शुल्क भरले. शुल्क थेट श्रोत्याकडून घेतले की माध्यम आपोआप श्रोत्याचे होते, असा युक्तिवाद आजही केला जातो. आपला अनुभव तसा नाही. पैसा कोणाकडून येतो यापेक्षा तो कोणाच्या तिजोरीतून, कोणाच्या मर्जीने बाहेर पडतो, याला अधिक महत्त्व आहे.

दूरचित्रवाणीचा परवाना तर खानदेशाच्या वाट्याला जेमतेमच आला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या भागात स्थिर चित्र दिसू लागेपर्यंत ऐंशीचे दशक निम्मे सरत आले होते. दूरचित्रवाणी संचाला वर्षाला ५० रुपये शुल्क होते, पण त्याच सुमारास रेडिओ आणि दूरदर्शन दोन्हींचे परवाने रद्द झाले. कोणी हळहळले नाही. आत्याने तर त्या दिवशी ट्रान्झिस्टर ओट्यावर आणून मोठ्याने लावला.

त्यानंतर घरांनी पैसे देणे थांबवले, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. केबल आली, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाला मुलगा वही घेऊन दारात येऊ लागला. त्याच्या रकमेत शासनाचा करमणूक कर असे; २०१७ पासून तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना लागू झाली. शंभर वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीसाठी महिन्याला कमाल १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, मिळून १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. आप्पांच्या सवयीने मी वहीत मांडून पाहिले. त्या दराने जोडणीवरचा नुसता कर वर्षाला २८० रुपये ८० पैसे होतो. चलनाचे मोल बदलले आहे, हे लक्षात घेऊनही सांगतो की दूरचित्रवाणीवर घरांकडून कर घेतला जातोच. फक्त त्याला परवान्याचे पुस्तक नाही आणि तो सार्वजनिक प्रसारणासाठी राखूनही ठेवलेला नाही. त्याची वेगळी पावती नसल्यामुळे तो आपण देतो याचेही भान उरत नाही.

दुसऱ्या बाजूला सार्वजनिक प्रसारण चालते ते केंद्राच्या अनुदानावर. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. तो अमलात यायला सप्टेंबर १९९७ उजाडले. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. तो देणाऱ्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. शासनाची मक्तेदारी त्या निर्णयाने नाकारली, पण लहरी बाजाराच्या स्वाधीनही केल्या नाहीत; समाजाच्या वतीने त्यांचे नियमन करणारी स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणा असावी, अशी त्याची दिशा होती. यंत्रणा झाली. तिच्या उत्पन्नाचा मुख्य मार्ग मात्र दरवर्षी मंत्रालयाच्या मागण्यांमधून जातो. जानेवारी २०२३ मध्ये प्रसारण-व्यवस्थेच्या आधुनिकीकरणासाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर झाली. ती चांगली आहे; दुर्गम भागांत लाखो संच मोफत देण्याची तरतूद तिच्यात आहे. परंतु जो देतो तो थांबवूही शकतो, ही जाणीव असलेल्या संस्थेची मान किती ताठ राहील?

म्हणूनच परदेशांतील शुल्काच्या समर्थकांचे म्हणणे मी तुच्छतेने टाळत नाही. ब्रिटनमध्ये थेट प्रसारण पाहणाऱ्या घराला दूरचित्रवाणीचा परवाना घ्यावा लागतो; एप्रिल २०२५ मध्ये त्याचे शुल्क १७४.५० पौंड झाले, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये. त्या पैशाने बीबीसीला सरकारपासून काही अंतर मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची दुसरी बाजू मला आत्याच्या कोठीजवळ नेते. शुल्क चुकवणे तिथे फौजदारी गुन्हा आहे, हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ज्यांच्यावर खटले भरले जातात त्यांच्यात सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया असतात. तपासनीस येतो तेव्हा घरात त्या असतात. दार त्या उघडतात. देश वेगळा, काळ वेगळा, पण दारामागे उभी राहणारी व्यक्ती तीच. शिवाय महालात राहणाऱ्याला आणि एका खोलीत राहणाऱ्याला सारखीच रक्कम भरायला लावणे याला मी न्याय म्हणू शकत नाही.

जर्मनीने २०१३ पासून संचाऐवजी घर हा घटक मानला, आणि किती रक्कम लागेल याची शिफारस तिथे स्वतंत्र आयोग करतो. एका राज्याने वाढ अडवली तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने महिन्याला १८.३६ युरोचा दर लागू केला. फ्रान्सने २०२२ मध्ये घरावरचे शुल्कच काढून टाकले. या दोन देशांकडून घेण्याजोग्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एकाकडून स्वतंत्र आयोग, दुसऱ्याकडून घरावरच्या शुल्काची मुक्ती.

कोणी विचारील, एवढे करून सार्वजनिक प्रसारण राखायचे कशासाठी? दोंडाईच्याच्या आसपासच्या मळ्यांत, सालदारांच्या खोल्यांवर आज दूरदर्शनच्या मोफत डीटीएचच्या छोट्या थाळ्या दिसतात. देशात चार कोटींहून अधिक घरे या मार्गाने दूरचित्रवाणी पाहतात. त्यांना मासिक शुल्क नाही. मात्र तिथल्या बहुतेक खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन आलेल्या असतात, आणि जाहिरातदाराला ज्याची क्रयशक्ती हवी तोच त्यांचा खरा प्रेक्षक असतो. मिरचीवर कोकडा पडला तर काय करावे, तापीला पूर आला तर कोणता रस्ता बंद आहे, हे सांगण्यात जाहिरातदाराला लाभ नाही. ते काम आकाशवाणीच्या जळगाव केंद्राने आणि दूरदर्शनच्या ‘आमची माती, आमची माणसं’ने केले. आत्याला अक्षरओळख नव्हती. बी कधी टाकावे, बाजारात भाव काय, हे तिला त्या बारीक आवाजातून कळत होते. आणि ते तिला कळावे हे समाजाचे कर्तव्य होते, तिच्यावरचा उपकार नव्हे.

कर्तव्य समाजाचे असेल तर त्याचा खर्च समाजाने आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलावा. त्यासाठी सामान्य कर हाच योग्य मार्ग, कारण तिथे निदान तत्त्वतः तरी अधिक असणारा अधिक देतो. परंतु त्या करातील सार्वजनिक प्रसारणाचा वाटा दरवर्षीच्या मर्जीवर न सोडता संसदेने कायद्याने, पाच-सात वर्षांच्या मुदतीसाठी, स्वतंत्र आयोगाच्या शिफारशीवरून निश्चित करावा. आणि हिशेब लोकांच्या भाषेत, केंद्रवार मांडावा. जळगाव केंद्रावर किती खर्च झाला, अहिराणीत किती वेळ प्रसारण झाले, स्थानिक निवेदकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला अर्ज न करता वाचता आले पाहिजे.

घरांवर पुन्हा दूरचित्रवाणीचे शुल्क बसवू नये, हे माझे मत आहे. पण शुल्क नाही म्हणून आपला संबंध नाही, असे वाचकांनी मानू नये अशी माझी विनंती आहे. या महिन्याचे केबलचे किंवा डीटीएचचे देयक हातात घ्यावे, त्यातली कराची ओळ शोधावी, आणि आपल्या खासदारांना एक साधे पत्र लिहून विचारावे की यातले किती पैसे आकाशवाणी आणि दूरदर्शनकडे जातात, आणि ते कोण ठरवतो. मी माझे पत्र मागच्या आठवड्यात त्याच पोस्टात टाकले आहे.