सहीचे मोल

देश शत्रूच्या टाचेखाली गेला असता, लोकांचे हाल थोडे तरी कमी व्हावेत म्हणून त्याच शत्रूच्या छत्राखाली कारभार पत्करणे हे पाप की कर्तव्य? प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण चीनमधील वांग चिंगवेई याचे चरित्र वाचू लागले की तो तितका सोपा राहत नाही.

हा मनुष्य भ्याड नव्हता. राजप्रतिनिधीला बॉम्बने उडविण्याच्या कटात तो १९१० मध्ये पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली आणि पुढील वर्षीच्या क्रांतीने तो सुटला. डॉ. सन यत सेन यांचे राजकीय मृत्युपत्र १९२५ मध्ये त्याच्याच लेखणीतून उतरले. अशा माणसाने डिसेंबर १९३८ मध्ये चुंगकिंग सोडले आणि ३० मार्च १९४० रोजी नानकिंग येथे जपान्यांच्या आश्रयाने सरकार स्थापन केले. त्याच नगरीत सव्वादोन वर्षांपूर्वी जपानी सैन्याने भीषण कत्तल केली होती.

त्याचा युक्तिवाद असा : युद्ध जिंकणे शक्य नाही, मग जेता आणि रयत यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहावयास नको काय? पुढे १९४६ मध्ये त्याची पत्नी चेन बिजुन हिने न्यायालयात याहून तिखट उत्तर दिले. चुंगकिंगच्या ताब्यातील भूमी विकणे वांगच्या हाती नव्हते आणि नानकिंगची भूमी तर आधीच शत्रूने घेतली होती. मग त्याने विकले तरी काय?

हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु मला वाटते, वांगने भूमी विकली नसली तरी आपले नाव विकले. जपानपाशी सैन्य होते, तोफा होत्या. नव्हते ते एका मान्यवर देशभक्ताचे नाव. त्या नावाचाही केवढा मान राखला गेला पाहा. चँग कै शेक यांच्याशी परस्पर तडजोड होते का, हे अजमावीत जपानने या सरकारला आठ महिने मान्यताही दिली नाही. आणि ३० नोव्हेंबर १९४० रोजी ती दिली तेव्हा चीनच्या भूमीवर जपानी फौजा ठेवण्यास संमती देणाऱ्या तहावर त्याची सही घेतली. ढाल म्हणून उभा राहिलेला मनुष्य असा मुठीसारखा वापरला गेला.

परतीची वाट नव्हती असेही नाही. काओ त्सुंगवू आणि ताओ शीशेंग हे त्याचेच सोबती. जपानच्या गुप्त अटी पाहिल्यावर ते दोघे निसटले आणि जानेवारी १९४० मध्ये त्यांनी त्या हाँगकाँगच्या वृत्तपत्रात जाहीर केल्या. त्याच अटी वांगनेही वाचल्या होत्या.

मग त्या व्याप्त शहरांतून नळाचे पाणी सोडणारे, टपाल वाटणारे, दवाखान्यात बसणारे, तेही देशद्रोही काय? मला तसे म्हणवत नाही. त्यांनी आपले हात दिले, आणि ते रयतेच्या उपयोगी पडले. वांगने नाव दिले. ते फक्त जेत्याच्या उपयोगी पडले. मात्र या दोहोंतील रेषा ठळक नाही. मी स्वतः कारकून आहे; दिवसभर मसुद्यांच्या कोपऱ्यात आद्याक्षरे घालतो, आणि 'हुकूम वरचा आहे' या समाधानाची गोडी मला ठाऊक आहे. कौरवसभेत भीष्मही आपल्या आसनावर बसूनच होते. त्यांचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल?

म्हणून हेतूची कसोटी पुरत नाही. 'मी या जागी आहे म्हणून कोणते वाईट टळले? आणि मी नाही म्हटले तर ते कोणी ऐकेल काय?' हे प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावेत, आणि उत्तर नकारार्थी आले की उठावे. वांग उठला नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये तो जपानमधील नागोया येथे वारला. जानेवारी १९४६ मध्ये चिनी सैन्याने नानकिंग येथील त्याची समाधी सुरुंग लावून उडविली. मृत्युपत्र लिहिणारा तरुण आणि तहावर सही करणारा प्रौढ, दोघांचे नाव एकच होते. लोकांनी स्मरणात ठेवली ती मात्र दुसऱ्याची सही.