सोसणाऱ्याचा हिशेब

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतो, ते प्रवाळाला अन्न पुरवते. समुद्र फार तापला की ही सोबत तुटते. प्रवाळ पांढरा पडतो, उपासमारीने मरूही शकतो. काही शैवाले मात्र उष्णता सोसतात. त्यांच्या सोबतीने प्रवाळ १ ते १.५ अंश अधिक ताप झेलतो, असे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले. पण ही शैवाले अन्न कमी देतात. प्रवाळाची वाढ मंदावते. तगण्याची किंमत प्रवाळ भरतो, समुद्र तापवणारा माणूस भरत नाही. गरिबाविषयीही आपण सहज म्हणतो, ‘त्याला सवय आहे.’ त्या सवयीपायी त्याने काय गमावले, हे कोण विचारतो? सोसणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. आधी ताप देणाऱ्याचा हात धरावा.