वही द्यावी, नांगर राहतो



जननसूतक, मरणसूतक यांसह पाचही सूतके शरणांनी झुगारून दिली. मग ‘अमक्याचे दिवाळे निघाले’ असे ऐकताच आपण त्या घरची पायरी चढायला का कचरतो? मादन हिप्परग्याच्या पारावर हे वाक्य दबक्या आवाजातच निघते. पाऊस दगा देतो, तूर फुलोऱ्यातच जळते, तिच्या भरवशावर दिलेली दुकानाची उधारी बुडते, आणि त्या घराबरोबर जामीन राहिलेले दुसरे घरही खाली येते. यात पाप कोणते?

पाप असलेच तर पुढच्या पायरीवर असते. सावकार दारात येण्याआधी शेत मेहुण्याच्या नावे करणे, एक वही दाखवायला आणि एक लपवायला ठेवणे, हे ते पाप. दिवाळे निघणे वेगळे आणि दिवाळे काढणे वेगळे.

महात्मा बसवण्णा बिज्जळाचे भांडारी होते. राजाच्या खजिन्यातून दासोह चालतो अशी चुगली झाली, तेव्हा त्यांनी खजिना मोजून घ्यायला लावला आणि तो पुरा भरला, अशी कथा आपण ऐकतो. भरला म्हणून आपण माना डोलावतो. मला त्यात थोर वाटते ती उघडून दाखवण्याची तयारी. आपली पेटी रिकामी निघणार हे ठाऊक असताना ती उघडणे तर त्याहून अवघड.

१८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. मग १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले, आणि पन्नास रुपये देणे असलेल्यालाही नादारीचा अर्ज करू दिला. आपला मुलूख तेव्हा निजामाचा. सोलापूर शेजारी असूनही तो आधार हद्दीवरच थांबला.

पुढे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आला. त्यात नादाराची मालमत्ता विकून सावकारांत वाटतात. पण अंगावरची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, पोटापुरत्या शेतीला लागणारी औते, बैल, बियाणे यांना हात लावत नाहीत. या सवलतीला अपवाद एकच ठेवला आहे: हिशोबाच्या वह्या. त्या द्याव्याच लागतात. म्हणजे कायक शिल्लक राहते, लपवाछपवी तेवढी जाते. शरणांच्या आचारापासून हे फार दूर नाही. अर्जाआधीच्या दोन वर्षांत केलेले फुकटचे बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकते, आणि फसवून काढलेल्या कर्जातून नादारी सोडवीत नाही. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींची कलमे १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली, तीही कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरतीच.

वाचकहो, कर्जापायी जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार तुमच्यापैकी कुणाच्या मनात येत असेल, तर त्याने आज रात्रीच घरच्यांना आकडा सांगावा. खरा आणि पूर्ण. देहच गेला तर कायक कोण करणार? मग जामीनदाराला सांगावे, मग वकिलाला.

आणि देणेकऱ्यांची यादी लिहिताना बँक, सोसायटी, अडत्या आपोआप आठवतील. त्यांच्याकडे कागद आहे. विश्वासावर चार पैसे ठेवायला दिलेली शेजारची विधवा, मजुरी राहिलेली खुरपणीची बाई, यांच्याकडे कागद नाही. त्यांची नावे आधी लिहा.