शेजाऱ्याची झोप

आमची तीन मजली जुनी इमारत पाडून झाली आणि पायाला काळा दगड लागला. मुंबईच्या पोटात हा दगड जागोजाग आहे. तो फोडायला ब्रेकर आला. दिवसभर फोडूनही काम उरकेना, तेव्हा तो रात्रीही चालू लागला. आम्हा जुन्या रहिवाशांना याचा पत्ताच नव्हता. बिल्डरच्या भाड्यावर आमच्यापैकी कोणी मुंब्र्याला, कोणी कुर्ल्याच्याच दुसऱ्या टोकाला दिवस काढीत होते. आवाज ऐकत होती ती समोरची चाळ.

एका जुम्याला नमाज आटोपून आम्ही कामाची पाहणी करायला गेलो, तर चाळीतल्या मावशी रस्त्यात उभ्या. तीस वर्षांचा शेजार. ईदचा शिरखुर्मा त्यांच्या घरी गेल्याशिवाय आमची ईद होत नसे. त्या म्हणाल्या, "भाई, तुमचं घर होतंय, आनंद आहे. पण यांचं बायपास झालंय. रात्री दोनला त्यांच्या छातीवर घण पडल्यासारखं होतं. तुमची सगळ्यांची परवानगी आहे म्हणे?"

परवानगी होती. काम लवकर व्हावं म्हणून बिल्डरच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर आम्ही सह्या केल्या होत्या. नीट वाचलाही नव्हता, हे कबूल करायला हवं.

खरं तर आमच्या सह्यांना कायद्यात काही अर्थ नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० साली त्यात दुरुस्ती झाली, आणि निवासी भागात व शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं रात्री चालवायला मनाई झाली. म्हणजे मावशींची झोप आमच्या संमतीने विकता येण्यासारखी वस्तूच नव्हती. तरी आम्ही ती विकली. तिचा मोबदलाही ठरला होता: चार महिने आधी चाव्या.

कायद्यालाही एक विचित्र खोड आहे. पुनर्विकासात ज्याचं घर पाडायचं त्याची संमती घ्यावी लागते. ज्याच्या खिडकीसमोर पाडायचं त्याला कोणी विचारत नाही. फायदा ज्याचा, संमती त्याची. त्रास ज्याचा, त्याने तक्रार करावी. शिवाय ही मर्यादा ठरते ती ठरावीक वेळेच्या सरासरीवर. ब्रेकर दहा मिनिटं कडाडला आणि पुढे थांबला की सरासरी खाली येते. पण जागा झालेला माणूस सरासरीने पुन्हा झोपत नाही. आणि कायद्याची रात्र ही तरी कोणाची रात्र? आमच्या मोहल्ल्यात रात्रपाळीचे रिक्षावाले, बेकरीतले कारागीर, इस्पितळातल्या आया दिवसा झोपतात. त्यांच्या वाट्याला कायम ५५ डेसिबलचा दिवस, तोही कागदावर.

आम्ही रहिवाशांची सभा बोलावली. तिथे जे ऐकलं त्याने आम्ही हादरलो. एक तरुण उठून म्हणाला, "आमची तीन-चार मिनिटांची अजान यांना चालली नाही. आता आमचं घर उभं राहतंय तर आम्हीच का थांबायचं?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

त्याच्या रागात तथ्य नव्हतं असं नाही. २०२५ साली मुंबईतल्या धार्मिक स्थळांवरचे भोंगे पोलिसांनी उतरवले, आणि त्यांत मशिदींचे भोंगे मोठ्या संख्येने होते. भोंग्यासाठी डेसिबल मोजायचं यंत्र तत्परतेने येतं आणि ब्रेकरसाठी येत नाही, हे आम्हीही पाहिलं आहे. एकाच्या आवाजाला उपद्रव म्हणायचं आणि दुसऱ्याच्या आवाजाला विकास, हा इन्साफ नव्हे. पण मावशींनी कुठे भोंगा उतरवला होता? ज्याने दुखावलं त्याच्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून जो हाताशी आहे त्याच्यावर वसुली करायची, ही आमची जुनी सवय तर नाही ना? आणि ऐकणाऱ्यावर आवाज लादण्याचा हक्क कोणालाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात मांडलेलं तत्त्व भोंग्यालाही लागू आहे आणि ब्रेकरलाही. सोयीचं तेवढं उचलता येत नाही.

हक्कुल इबादचा अर्थ आम्हाला लहानपणी मदरशात शिकवला होता. अल्लाहचं देणं अल्लाह माफ करील, माणसाचं देणं त्या माणसानेच माफ करायचं. हमसायाचा हक्क त्यातलाच, आणि त्याचा मजहब तिथे विचारत नाहीत. फिकहमध्ये शुफा म्हणून एक तरतूद आहे. हनफी मतात घर विकताना शेजाऱ्यालाही आधी विचारण्याचा हक्क मिळतो. आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. आमच्या मतात तो हक्क भागीदारापुरताच आहे. सभेत एका चाचांनी नेमकं हेच बोट ठेवलं. कुठला मसला कधी आठवावा याची हुशारी आम्हा लोकांत फार!

एक गाठ मात्र आम्हाला सुटलेली नाही. ब्रेकर चालवणारा मालद्याचा पोरगा कानात कापूस कोंबून उभा होता. रात्रीचं काम थांबलं तर त्याची रात्रीची मजुरी जाते. मावशींची झोप आणि त्याची भाकरी आम्ही समोरासमोर उभी केली, आणि ज्याने मुदत आखली तो या हिशेबात कुठेच नव्हता. दगड कापायच्या कमी आवाजाच्या रीती आहेत, आवाज अडवणारे पत्रे आहेत. त्यांना पैसे पडतात. मेट्रो ३ च्या रात्रीच्या कामावर २०१७ साली उच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०१८ साली ती उठवली. तिथे निदान साऱ्या शहराच्या सोयीचा मुद्दा होता. आमच्या इमारतीला तोही आधार नाही.

अखेर ठराव मतदानाला टाकला: रात्री दहानंतर ब्रेकर बंद, आणि चाळीच्या बाजूने पत्रे लावल्याशिवाय दिवसाही नाही. बाजूने एकोणीस हात, विरोधात चौदा. बिल्डरच्या माणसाने तिथल्या तिथे सांगितलं की ताबा चार महिने लांबेल, आणि त्या चार महिन्यांचं भाडं तो देणार नाही. आम्ही सही केली. आमच्या घरातल्याच एका हाताने विरोधात मत दिलं होतं. मुंब्र्याच्या खोलीचं भाडं पुढच्या महिन्यापासून कुठून भरायचं, ते दोघं मिळून अजून ठरवतो आहोत.