दुरुस्ती केव्हा पुरी होते?

चूक सुधारली म्हणजे ती संपली, असे आपण सहज धरून चालतो. वहीतील चुकीचा आकडा खोडून बरोबर आकडा लिहिला, छपराचे फुटलेले कौल बदलले, की आपण मोकळे होतो. मलाही पुष्कळ वर्षे असेच वाटत असे. या समजुतीला पहिला धक्का बसला तो संगणकावर काम करणाऱ्या एका तरुणाच्या बोलण्याने. त्याने सांगितलेली हकिकत यंत्राची होती. परंतु तिच्यातून उभा राहिलेला प्रश्न मला आजवर सोडीत नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

२०१५ सालच्या जानेवारी महिन्याची अखेर होती. आमच्या गावातील हा तरुण मुंबईच्या एका कचेरीत सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर होता. दोन रात्री तो घरी आला नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटला तेव्हा त्याचे डोळे जागरणाने तांबारलेले होते. "फादर, चौदा वर्षांपूर्वीची एक चूक आता उघडकीला आली आहे. सगळ्या यंत्रांना पॅच लावत बसलो होतो," तो म्हणाला. चौदा वर्षांपूर्वी हा मुलगा शाळेत जात होता. कोणाच्या, कोठल्या चुकीसाठी याने दोन रात्री डोळ्याला डोळा लावू नये, याचे मला नवल वाटले. मी त्याला बसवून घेतले आणि सारे प्रकरण समजावून सांगायला लावले.

संगणकावर चालणारे प्रोग्रॅम आपली सगळी कामे स्वतः करीत नाहीत. फाइल उघडणे, स्मृतीत जागा मागणे अशी सर्वांना लागणारी कामे एकाच ठिकाणी लिहून ठेवलेली असतात आणि सर्व प्रोग्रॅम तेथूनच ती करवून घेतात, जसे सारे गाव एकाच विहिरीवर पाणी भरते. अशा संग्रहाला लायब्ररी म्हणतात. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम ज्या सर्व्हरांवर चालते, त्यांतील बहुतेकांवर 'जीलिबसी' नावाची लायब्ररी पायाच्या दगडासारखी असते. तिच्यात 'गेटहोस्टबायनेम' नावाचे एक काम आहे. दूरच्या यंत्राचे नाव दिले की त्याचा क्रमांक शोधून देणे, हे ते काम. कधीकधी मात्र विचारणारा नावाऐवजी नुसते आकडे आणि टिंबेच देतो, म्हणजे क्रमांकच हाती देतो. मग शोधण्यासारखे काही उरत नाही. या साध्या प्रसंगासाठी जो छोटासा भाग लिहिलेला होता, नेमकी त्यातच चूक राहिली होती.

चूक तरी किती? स्मृतीत चार वस्तू ठेवायच्या होत्या आणि त्यांना किती जागा लागेल याचा हिशेब करताना तीनच धरल्या गेल्या. चौथी विसरली. त्यामुळे ३२ बिटांच्या यंत्रावर ४ बाइट आणि ६४ बिटांच्या यंत्रावर ८ बाइट एवढा मजकूर शेजारच्या जागेत सांडू शकत असे. एरवी हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण एखाद्याने मुद्दाम आकड्यांचे लांबलचक 'नाव' रचून पाठविले, तर त्या सांडलेल्या थेंबांच्या आधारे तो परक्या यंत्रात शिरू शकत होता. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ही लायब्ररी तपासताना हे छिद्र शोधले आणि एक्झिम नावाच्या टपाल-सर्व्हरला विशिष्ट प्रकारे रचलेला संदेश पाठवून त्या यंत्रावर आपल्या आज्ञा चालविता येतात, हे सिद्ध करून दाखविले. त्या कामाच्या नावातील अक्षरांवरून या दोषाला 'घोस्ट', म्हणजे भूत, असे नाव पडले.

हे भूत २००० सालच्या नोव्हेंबरात, लायब्ररीच्या २.२ या आवृत्तीबरोबर, आत शिरले होते. पण माझे मन अडखळले ते पुढच्याच गोष्टीपाशी. ही चूक २०१५ साली सुधारली गेली नाही. ती २१ मे २०१३ रोजीच सुधारलेली होती. तिच्याकडे कोणाचे तरी लक्ष गेले, त्याने मोजमाप नीट केले आणि काम पुढे चालू झाले. मात्र हा सुरक्षेला धोका आहे, हे तेव्हा कोणी ओळखले नाही आणि म्हणून तसे कोणी जाहीरही केले नाही.

आता लिनक्स लोकांपर्यंत पोहोचविणाऱ्या संस्थांची एक रीत आहे. एकदा स्थिर म्हणून दिलेल्या आवृत्तीत त्या उगाच ढवळाढवळ करीत नाहीत. कारण प्रत्येक बदलाबरोबर नवी चूक येण्याचे भय असते. सुरक्षेचा प्रश्न असेल तर मात्र जुन्या आवृत्तीलाही ठिगळ लावून देतात. रीत शहाणपणाची आहे. पण या दुरुस्तीवर 'सुरक्षा' हा शब्द नव्हता, म्हणून ती जुन्या आवृत्त्यांपर्यंत गेलीच नाही. डेबियन ७, उबुंटू १२.०४, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ यांतील छिद्र तसेच राहिले. एवढेच काय, रेड हॅटची ७ वी आवृत्ती २०१४ च्या जूनमध्ये, म्हणजे दुरुस्तीनंतर वर्षभराने बाहेर पडली. तीही हाच दोष घेऊन आली. औषध तयार होते, रोगीही होते. पण हे औषध त्या रोगाचे आहे, हे कोणी सांगितले नव्हते. अशा स्थितीत वीस महिने गेले.

येथे दोष कोणाचा म्हणावा? ज्याने २००० साली जागा मोजली, तो मोजणीत चुकला. त्याच्या मनात पाप नव्हते. ज्याने २०१३ साली ती सुधारली, त्याने तर चांगलेच काम केले. वितरण करणाऱ्यांनी आपला शहाणपणाचा नियम पाळला. प्रत्येकाची सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ आणि तरीही दार उघडेच. नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते. एक, जे दूर करणे माणसाच्या शक्तीबाहेर असते. दुसरे, जे थोडे कष्ट घेतले असते तर दूर झाले असते. पहिल्याचा दोष लागत नाही, दुसऱ्याचा लागतो. येथील अज्ञान कोणत्या प्रकारचे होते, याचा निवाडा करण्यास मी बसलेलो नाही. पण या घटनेने एक प्रश्न मात्र मला शिकविला. आपण काही सुधारतो तेव्हा 'आता बरोबर झाले ना?' एवढे विचारून थांबतो. 'आजवर या चुकीची झळ कोणाला लागली, आणि अजून कोणाला लागत आहे?' हे विचारीत नाही. पहिला प्रश्न कामाविषयी आहे, दुसरा माणसांविषयी.

कोणी म्हणेल, दोष उघड सांगणे म्हणजे चोराला वाट दाखविणेच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. शोध लावणाऱ्यांनाही तो ठाऊक होता. म्हणून त्यांनी आधी वितरकांशी संधान बांधले, दुरुस्त्या तयार होऊ दिल्या आणि मग २७ जानेवारी २०१५ रोजी दोष जाहीर केला. आत शिरण्याचा आयता प्रोग्रॅम त्यांनी त्यानंतरही काही आठवडे रोखून धरला, म्हणजे लोकांना आपली यंत्रे दुरुस्त करण्यास अवधी मिळावा. यावरून मौनाचेही दोन प्रकार दिसतात. ज्याला इजा होऊ शकते त्याच्यासाठी पाळलेले मौन वेगळे आणि ज्याने चूक केली त्याच्या सोयीसाठी पाळलेले मौन वेगळे. पहिल्याला मुदत असते आणि त्या मुदतीत कामे चाललेली असतात. दुसऱ्याला मुदतच नसते.

"मग पॅच लावायला दोन रात्री कशाला लागल्या?" मी त्या तरुणाला विचारले. तो हसला. "पॅच तर काही मिनिटांत बसतो, फादर. पण जे प्रोग्रॅम आधीपासून चालू असतात त्यांनी जुनी लायब्ररी स्मृतीत घेतलेली असते. डिस्कवर नवी आली तरी ते जुनीच वापरत राहतात. एकेक बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. ते कोणालाच नको असतं. काम अडतं, लोक ओरडतात."

तो निघून गेला आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मला एक जुनी किल्ली आठवली.

१९९९ साली मी तरुण होतो आणि एका वसतिगृहाचा कारभार पाहत होतो. एका महिन्याच्या हिशेबात ६४० रुपये कमी भरले. कोठाराची किल्ली आणि बाजाराचे पैसे आमच्या वयस्कर आचाऱ्यांकडे असत. मी त्यांच्यावर आरोप केला नाही. फक्त किल्ली मागून घेतली. त्यांनी ती काही न बोलता दिली. तीन महिन्यांनी वही चाळताना दिसले, की दुधाच्या बिलाची रक्कम मी बेरजेत धरलीच नव्हती. मी लाल शाईने बेरीज दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी किल्ली त्यांच्या हाती ठेवली. "काका, आता तुम्हीच सांभाळा," एवढेच म्हणालो. वही बरोबर झाली. किल्ली जागेवर गेली. माझ्या दृष्टीने प्रकरण मिटले.

त्या फेब्रुवारीत मी त्यांच्या गावी गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. दृष्टी अधू झाली होती, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखले. मी सारे सांगितले. ते म्हणाले, "फादर, चूक बेरजेची होती हे मी किल्ली परत मिळाली तेव्हाच ओळखलं. पण आमच्या थोरल्याला कुठं कळलं? तो तेव्हा तिथंच राहून शिकत होता. मुलं त्याला बोलायची. तो आजही तो विषय काढत नाही."

सोळा वर्षे! मी वही दुरुस्त केली होती आणि एका मुलाच्या मनात मात्र जुनी बेरीज तशीच चालू राहिली होती. मी संध्याकाळपर्यंत थांबलो. थोरला कामावरून आला. आता तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे. वडिलांसमोरच मी त्याला सांगितले, की पैसे गेलेच नव्हते, चूक माझी होती आणि ती कळल्यावरही मी गप्प राहिलो. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, "किती रुपये होते, फादर?" मी आकडा सांगितला. तो थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि आत जाऊन चहा ठेवायला सांगून आला.

त्याचे मन त्या दिवशी मोकळे झाले की नाही, हे मी सांगू शकत नाही. जे इतकी वर्षे चालू होते ते एका संध्याकाळी थांबते असेही नाही. पण त्याला जे ठाऊक असण्याचा हक्क होता, ते आता त्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, कचेरीत, भाऊबंदकीत लाल शाईने गुपचूप सुधारलेली एखादी बेरीज असेल. ती सुधारली हे चांगलेच झाले. आता ती कोणाकोणाला सांगायची राहिली आहे, एवढे एकदा आठवून पाहावे.