संत याकोबाचा प्रश्न आणि शाळेचा गणवेश

मे महिना सरत आला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एकच विषय निघतो, तो म्हणजे गणवेश. मागील वर्षीची पॅन्ट आखूड झालेली असते, बुटांचे तळ उखडलेले असतात आणि शाळेने नेमून दिलेल्या दुकानासमोर रांग लागलेली असते. या दिवसांत पालक विचारतात की, हा खर्च कशासाठी? युवकांच्या सभेत तरुण मुले विचारतात की, ही सक्ती कशासाठी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एक तिसरा, फार जुना प्रश्न आहे आणि तो आपल्या नव्या करारातच विचारलेला आहे.

संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग उभा करतो. उपासनेच्या सभेत सोन्याची अंगठी आणि भपकेदार वस्त्रे ल्यालेला एक मनुष्य येतो आणि त्याच वेळी मळक्या कपड्यांतला एक दरिद्री मनुष्यही येतो. पहिल्याला मानाचे आसन मिळते, दुसऱ्याला उभे राहण्यास अथवा पायांपाशी बसण्यास सांगितले जाते. श्रीमंताने साधे कपडे घालून यावे असे याकोब येथे म्हणत नाही, किंवा सर्वांनी एकाच रंगाचे कापड वापरावे असेही सुचवीत नाही. त्याचा रोख वस्त्रांवर नाहीच. वस्त्रे पाहून जागा दाखविणारा जो कोणी तेथे उभा आहे, त्याला तो जाब विचारीत आहे. गणवेशाचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड होता कामा नये, कारण शाळेत जागा दाखविणारे आपण मोठी माणसेच असतो.

गणवेश समतेसाठी जन्माला आला, अशी आपली भाबडी समजूत असते. इतिहास काहीसा निराळा आहे. लंडनमध्ये १५५२ साली अनाथ व निर्धन मुलांसाठी ‘ख्राइस्ट्स हॉस्पिटल’ ही संस्था स्थापन झाली. तेथील मुलांना लांब निळा डगला आणि पिवळे पायमोजे देण्यात आले व त्यावरून ती मुले रस्त्यात कोठेही ओळखू येत. पुढे इंग्लंडात धर्मादाय शाळांचे पीक आले, तेव्हा तेथेही हाच प्रघात पडला. दुसऱ्याच्या पैशावर शिकणारे मूल जगाला दिसावे आणि त्यानेही आपली पायरी विसरू नये, हा त्या वेशामागचा हेतू होता. श्रीमंतांच्या मुलांच्या नामांकित शाळांनी ठरावीक पोशाख स्वीकारला तो बव्हंशी एकोणिसाव्या शतकात आणि तेव्हा तोच गणवेश प्रतिष्ठेचे चिन्ह बनला. तेच कापड एकाच्या अंगावर उपकाराची खूण ठरले, दुसऱ्याच्या अंगावर खानदानीची. आपल्या देशात गणवेश आला तो या दोन्ही आठवणी पोटात घेऊन. म्हणूनच महागड्या शाळेचा कोट आणि पालिकेच्या शाळेचा निळा सदरा एकाच बसथांब्यावर उभे राहतात, तेव्हा वर्गातला भेद मिटविणारा गणवेशच रस्त्यावर तो भेद ठळक करतो.

बरे, वर्गात तरी भेद मिटतो काय? ज्यांनी वर्गात शिकविले आहे त्यांना हे विचारावे. गणवेश शिवताना आई शिंप्याला सांगते, “माया जास्त ठेवा हो.” शिवणीत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्या भाषेने ‘माया’ म्हणावे, यात मराठीचे मोठे शहाणपण आहे. दुसऱ्या वर्षी ती माया सोडली जाते, पॅन्ट चार बोटे लांब होते आणि मूळच्या दुमडीच्या जागी गडद रंगाचा एक पट्टा उमटतो. तो पट्टा सर्व वर्गाला वाचता येतो. पांढऱ्या सदऱ्याचेही तसेच. एक सदरा दुधासारखा, दुसरा नीळ जास्त झालेला, तिसरा विहिरीच्या पाण्याने पिवळसर पडलेला. मुले हे सारे ओळखतात आणि त्यासाठी त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नये. ज्या घरी गणवेशाचे दोन जोड आहेत ते मूल कोरडे येते. ज्या घरी एकच आहे तेथे आई रात्री चुलीच्या उबेला नाहीतर इस्त्रीखाली तो वाळवीत बसते आणि सकाळी ओलसर कुबट वासाचा सदरा अंगात घालून मूल प्रार्थनेला उभे राहते. त्याच्या शेजारचे मूल किंचित सरकते, एवढेच. पण सरकते.

आणि मग वाढदिवस! पुष्कळ शाळांत प्रथा आहे की, वाढदिवसाच्या दिवशी मुलाने रंगीत कपडे घालून यावे व वर्गात चॉकलेटे वाटावीत. वर्षभर जो भेद झाकला तो त्या एका दिवसासाठी आपण होऊन उघडा केला जातो. ज्याच्या वडिलांच्या हाताला त्या महिन्यात काम नाही, ते मूल वाढदिवसाला गणवेशातच येते आणि कोणी विचारले तर आज आपला वाढदिवस नाही असे सांगते. लहान मुलावर स्वतःचा जन्मदिवस नाकारण्याची पाळी आणणारी ही सवलत कौतुकाची आहे, असे मला वाटत नाही. आपल्या शाळांनी ती बंद करून त्या मुलासाठी सकाळच्या प्रार्थनेत एक विनंती ठेवावी. तिला खर्च नाही.

गणवेशामुळे शिस्त व अभ्यास सुधारतो, असा दावा नेहमी केला जातो. अमेरिकेत १९९४ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच या शहराने आपल्या सरकारी प्राथमिक व माध्यमिक शाळांत गणवेश सक्तीचा केला आणि १९९६ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आपल्या वार्षिक भाषणात गणवेशाचा पुरस्कार केला. त्यानंतर १९९८ मध्ये ब्रन्स्मा व रॉकमोर या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांची उपस्थिती, वर्तन व व्यसने यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या बाबींवर गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही. मला याचे नवल वाटले नाही. कापडाने मनुष्य सुधारत असता तर आम्हा झगा घालणाऱ्यांना पापनिवेदनाची गरजच उरली नसती.

एवढे सारे लिहिल्यावर मी गणवेशाच्या विरोधात आहे, असा कोणाचा ग्रह होईल. तसे नाही. दहावीपर्यंत गणवेश असावा, या मताचा मी आहे. त्याचे कारण शिस्त नव्हे. गणवेश काढून घेतला तर त्याच्या जागी स्वातंत्र्य येईल, असे आपल्या तरुणांना वाटते. प्रत्यक्षात त्या जागी बाजार येतो. अकरावीच्या पहिल्या दिवशी कनिष्ठ महाविद्यालयाच्या दारात उभे राहून पाहावे. सर्वांना हवे ते घालण्याची मुभा आहे आणि सर्वांनी एकाच तऱ्हेची जीन्स, एकाच तऱ्हेचे बूट घातलेले आहेत. त्या बुटांची किंमत मात्र शाळेच्या साऱ्या गणवेशाहून अधिक आहे. हाही गणवेशच, फक्त तो कोणी नेमून दिला हे सांगता येत नाही, म्हणून त्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने हे ओळखावे, त्यात एकदा फसावे व शहाणे व्हावे, हे त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे. सात वर्षांच्या मुलीवर दररोज सकाळी हे ओझे टाकणे बरे नव्हे. शिवाय घरात जी कष्टकरी आई आहे, तिला रोजच्या निवडीतून मिळणारी सुटका लहान नाही.

तेव्हा गणवेश गरिबी झाकत नाही, ही गोष्ट खरी. पण आम्ही तुमच्यात भेद करणार नाही, असे वचन शाळा त्या कापडाच्या रूपाने मुलांना देते. वचन पाळणे हे शिक्षकांचे, व्यवस्थापनाचे व आम्हा धर्मगुरूंचे काम आहे. बूट काळ्याऐवजी तपकिरी आहेत म्हणून मुलाला दिवसभर वर्गाबाहेर उभे करणे हा त्या वचनाचा भंग होय. दर दोन वर्षांनी रंग बदलणे आणि एकाच दुकानातून चढ्या भावाने कापड घेण्याची सक्ती करणे हाही भंगच. धाकट्या भावंडाने थोरल्याचा गणवेश वापरू नये, अशी तजवीज करणाऱ्या शाळेने भिंतीवर संत फ्रान्सिस असीसीकराचे चित्र लावू नये. कापडाच्या व्यापाऱ्याच्या त्या पुत्राने १२०६ साली महागुरुस्वामींसमोर अंगावरचे वस्त्र उतरवून बापाच्या स्वाधीन केले होते.

समता आणि एकसारखेपणा यांत अंतर आहे, याचा धडा आपल्या राज्याला नुकताच मिळाला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात शासनाने सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना राबविली. कापड एकत्रितपणे घेतले गेले आणि शिलाईचे काम महिला बचत गटांकडे आले. अनेक गावांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत आणि जे पोहोचले त्यांतले पुष्कळ मापात बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु मुलाचे माप घ्यावे लागते आणि त्यासाठी त्याच्याजवळ जावे लागते.

आता अधिक नाजूक विषयाकडे वळतो. गणवेशावर आणखी काही घालण्याची कोणाची सद्सद्विवेकबुद्धी मागणी करीत असेल, तर काय करावे? फ्रान्सने १५ मार्च २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना बंदी केली. तीत मुसलमान मुलींचा रुमाल आला, ज्यू मुलांची टोपी आली आणि मोठा क्रूसही आला. कर्नाटकातील हिजाबबंदी तेथील उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी उचलून धरली आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाला. न्यायालयांचे ते न्यायालये पाहतील. आपल्याला अस्वस्थ करणारी घटना मात्र ऑक्टोबर २०२५ मधली आहे. कोचीतील एका कॅथॉलिक शाळेत आठवीतील मुलगी डोक्यावर रुमाल बांधून आली. गणवेशाच्या नियमावरून वाद पेटला, शाळा दोन दिवस बंद राहिली, राजकीय माणसे धावून आली आणि अखेर पालकांनी त्या मुलीला दुसऱ्या शाळेत घालण्याचे ठरविले.

शाळेची बाजू मला समजते. नियम सर्वांसाठी एक असावा आणि प्रवेशाच्या वेळी तो पालकांना सांगितलेला असावा, यात गैर काही नाही. अल्पसंख्याक संस्था चालविणे किती जिकिरीचे झाले आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. त्या शाळेच्या प्रमुख धर्मभगिनीच्या मस्तकावरही एक वस्त्र होते. ते तिने देवासाठी पत्करले, म्हणून आपल्याला त्याचा आदर वाटतो. दुसरी एखादी मुलगी, मग तिच्या समजुती आपल्याला पटोत वा न पटोत, देवाचेच नाव घेऊन तसे करते, तेव्हा आपल्याला त्यात नियमभंगच दिसावा काय? आणि सहलीत किंवा दुसऱ्यांच्या शाळेत आपल्या मुलाला गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत टाकायला सांगितले, तर आपण कोणत्या शब्दांत तक्रार करतो, हेही आठवून पाहावे. गणवेशाच्याच रंगाचा रुमाल चालेल, असे ठरविले असते तर वर्गाची घडी विस्कटली असती, असे मला तरी वाटत नाही. काही धर्मगुरुबंधूंना हे मत पटणार नाही. त्यांच्याशी बोलण्यास मी तयार आहे.

परमगुरुस्वामी पहिले सेलेस्टीन यांनी ४२८ साली दक्षिण गॉलमधील महागुरुस्वामींना एक पत्र लिहिले होते. तेथील काही महागुरुस्वामी संन्याशांसारखा झगा व कमरपट्टा वापरू लागले होते. लोकांमध्ये आपण वेगळे दिसावे ते शिकवणुकीने व आचरणाने, पोशाखाने नव्हे, असे पोपमहोदयांनी त्यांना बजावले. पुढे ख्रिस्तसभेने धर्मगुरूंना वेगळा पोशाख दिलाच आणि तो मीही घालतो. पण ते पत्र रद्द झालेले नाही.

शेवटी आपल्याच अंगणातली एक गोष्ट. जूनमध्ये अनेक धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल मंडळी, युवा संघटना व दानशूर कुटुंबे गरजू मुलांना गणवेश देतात. त्यांची कळकळ निर्विवाद आहे. परंतु पुष्कळदा हे वाटप व्यासपीठावर होते. ध्वनिक्षेपकावरून मुलांची नावे पुकारली जातात, पाहुण्यांच्या हातून पुडके स्वीकारताना छायाचित्र निघते आणि ते संध्याकाळपर्यंत साऱ्या भ्रमणध्वनींवर फिरते. दुसऱ्या दिवशी सर्वांसारखा दिसण्यासाठी तो मुलगा तो गणवेश घालून वर्गात जातो तेव्हा तो कोठून आला हे साऱ्या वर्गाला आधीच कळलेले असते. लंडनच्या त्या निळ्या डगल्याहून हे वेगळे नाही. दुकानदाराशी आधी बोलून ठेवावे आणि पालकांच्या हाती एक चिठ्ठी द्यावी. आई मुलाला घेऊन इतरांसारखीच रांगेत उभी राहील, माप देईल, माया जास्त ठेवायला सांगेल. पैसे कोणी भरले हे हिशेबाच्या वहीत असेल. ती वही माझ्या कपाटात राहील.